एका चौकोनाचा बोळ

माझ्या मायनं आयुष्यातलं पहिलं घर कॉम्प्युटरवर बांधलं आणि त्यात संडास ठेवायचा विसरली. विसरली म्हणणंही बरोबर नाही. घराच्या आत संडास असतो ही गोष्टच तिच्या डोक्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हती. आम्ही दोघींनी मोठ्या हौसेनं दोन खोल्या काढल्या, पूर्वेला दार लावलं, चुलीची जागा म्हणून ओटा मांडला, पुढं मेंढरांसाठी कुंपण घालून मोकळी जागा सोडली. त्या खेळात मेंढरं नव्हतीच, पण वाडग्याशिवाय घर कसलं, असं मायचं म्हणणं. मग एक बाई त्या घरात राहायला आणली. ती दिवसभर बरी वागली. संध्याकाळी पाय आवळून उभी राहिली, आमच्याकडं तोंड करून हात हलवायला लागली, कुठल्यातरी न कळणाऱ्या बोलीत गयावया करायला लागली. आम्हाला काही उमजेना. शेवटी व्हायचं ते झालं आणि ती बाई तिथंच तोंड झाकून रडायला लागली.

मी हसले. माय हसली नाही. "तिला वावरात जाऊ दे की," ती म्हणाली, "काहून अडवून राह्यलीस तिला?" मी सांगितलं की ही बाई उघड्यावर जात नाही, तिला शिकवलेलंच नाही तसं. माय बराच वेळ त्या रडणाऱ्या बाईकडं बघत राहिली. मग हातातली लोकर कातायची चाती खाली ठेवून म्हणाली, "बंद कर ते. लाज वाटून राह्यली तिला."

तो कॉम्प्युटर आमच्याकडं आला त्याचीही एक गोष्ट आहे. आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावपासून जीपनं अर्ध्या तासावर. बारावीनंतर मी गोरेगावच्या एका क्लासला जायचे, टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकायला. वर्षभरात क्लास बंद पडला, सर शहरात निघाले आणि मशिनी विकायला काढल्या. त्यांच्या मुलाचं जावळ जवळ आलं होतं, त्यांना बोकड हवा होता. माय माझ्यासोबत गेली, मशीन बघितली, पडद्यावर हात फिरवला आणि आमचा काळा बोकड देऊन टाकला. मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले चुलते, महिनाभर हसत होते की कौसानं बोकड देऊन टीव्ही आणला आणि त्यात बातम्याच लागत नाहीत. सरांचा भाचा सुट्टीत यायचा, त्यानं त्या मशिनीत हा खेळ घालून ठेवला होता. माणसं वागवायचा खेळ. एक रिकामा प्लॉट मिळायचा, त्यावर घर बांधायचं, आत पलंग-खुर्च्या मांडायच्या आणि मग आत राहणाऱ्यांचं जेवण, झोप, नोकरी, भांडणं बघत बसायचं. आम्हाला त्या माणसांत फारसा रस नव्हता. आम्ही घरं बांधायचो.

आमचं खरं घर म्हणजे दगडमातीची एक खोली, वर पत्रे, पुढं वाडगं. दिवाळी झाली की बा मेंढरं घेऊन निघायचा तो पेरण्या तोंडावर आल्या की परतायचा. वीस वर्षं माय त्याच्यासोबत हिंडली. मी शाळेसाठी मोठ्या बाबांकडं राहायचे आणि आईबाप चार महिनेच मिळायचे. मग मायला दम लागायला लागला. चढ चढताना बसावं लागायचं, कळप पुढं निघून जायचा. बानं तिला एके वर्षी घरी ठेवलं ते कायमचंच. म्हणून मी सतरा-अठरा वर्षांची झाले तेव्हा कुठं मला माय पुरती मिळाली. हे लिहिताना वाटतं, त्या चार-पाच वर्षांवरच माझं सगळं बालपण भागवलंय मी.

दुपारी लाइट असायची. भाकरी-येसराची आमटी खाऊन झाली की माय पोतं अंथरून माझ्यामागं बसायची, हातात चाती. चालायला न येणारी लहान कोकरं बा घरीच ठेवून जायचा, ती दाराशी बेंबटत असायची. मशिनीचा पंखा घरघरायचा. शेळीच्या दुधाचा चहा व्हायचा आणि आमचं बांधकाम सुरू. मला इंग्रजी अडखळत यायचं, मायला अक्षरही येत नव्हतं, पण भिंत कशी ओढायची हे ती माझ्याआधी शिकली. तिला सगळ्यात जास्त आवडायचं ते सामान हलवणं. पलंगावर टिचकी मारली की तो वर उचलला जायचा, भिंतीवरून तरंगत पलीकडच्या खोलीत जायचा, आणि एक बटण दाबलं की जागच्या जागी फिरायचा. "पाल हालवताना असं आस्तं तर," ती म्हणायची. पाल म्हणजे रानात मुक्कामाला घालतो तो कापडाचा आडोसा. तो मोडायचा, गाढवावर लादायचा, पुढच्या गावी परत उभारायचा, हे तिनं वीस वर्षं केलं होतं.

त्या खेळात घराच्या भिंती खाली करून वरून आतलं सगळं बघता यायचं. बांधताना ते सोयीचं पडतं. मायला मात्र ते आवडायचं नाही. खोली मांडून झाली की ती लगेच म्हणायची, "भित्ती उभ्या कर. कुनाच्या घरात असं वरून बघू नये."

संडासाच्या त्या फजितीनंतर दोन दिवस तिनं खेळाचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी धपाटे थापता थापता बोलायला लागली. माझ्याकडं बघत नव्हती, तव्याकडं बघून बोलत होती. पालाला तीन बाजू असतात, चौथी उघडी. रान दुसऱ्याचं. शेतमालक सकाळी येऊन उभा राहतो, वाटसरू थांबून बघतात, मेंढक्यांची बाई कशी राहते त्याची लोकांना मोठी गंमत वाटते. अंधार असतानाच सगळं उरकायचं. केस विंचरायचे तरी पाठ कुणाकडं करायची हे आधी ठरवावं लागायचं. तुझ्या वेळेला पोट दुखायला लागलं तेव्हा, ती म्हणाली, वसमतच्या वाटेवर होतो, एका लिंबाखाली, आणि चार बायांनी लुगडी धरली होती. हे सगळं तिनं तक्रार न करता सांगितलं. मला मात्र फार वाईट वाटलं, कारण ती बाई पाय आवळून रडत होती तेव्हा मी हसले होते.

मग आम्ही नवं घर काढलं. या वेळी संडास-न्हाणी होती. माय म्हणाली, "असं कर की दारातून बघितलं तर आतलं कायच दिसाया नको." मी आतल्या खोलीला दार लावून दाखवलं. ते तिला पटेना, दार काय, कुणीही उघडतं. खूप खटपटीनंतर आम्हाला तो बोळ सापडला. बाहेरच्या खोलीतून एका चौकोनाच्या रुंदीचा बोळ आत जायचा, काटकोनात डावीकडं वळायचा, मग आतली खोली. खेळातली जमीन चौकोनांत आखलेली असते, माणसाला चालायला एक चौकोन पुरतो. आम्ही भिंती उभ्या केल्या आणि त्या बाईला आत पाठवलं. ती बोळात शिरली, वळली आणि दिसेनाशी झाली.

"आता कुनाला दिसंल का?" मायनं विचारलं.

"न्हाई."

त्या दिवशी माय फार खुशीत होती. रात्रीच्या भाकरीही तिनंच टाकल्या, मला उठू दिलं नाही.

दोन वर्षांनी आमचं नाव घरकुलात लागलं. बानं थोडी मेंढरं विकून त्यात भर घातली आणि खरं घर बांधायचं ठरलं. नकाशा मी काढला. शाळेतल्या आलेखाच्या वहीचं पान घेतलं आणि खेळातलं घर चौकोनाला चौकोन उतरवून काढलं. एक चौकोन म्हणजे तीन फूट, हे मीच ठरवलं. कशावरून ठरवलं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही. बानं कागद उलटसुलट करून बघितला आणि घरात गल्ली काहून, असं विचारलं. माय चुलीपासून न वळताच म्हणाली, "मला पाह्यजे." बानं कागद घडी करून मला परत दिला. सेनगावकडचे जब्बार मिस्त्री बांधकामाला होते, पिकल्या दाढीचे, शांत माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, सीधं दार घे. सामान न्यायला तकलीफ होईल." मी तेव्हा गावात कॉम्प्युटर येणारी एकटी मुलगी. मी म्हणाले, सामान भिंती उठायच्या आधीच आत ठेवू. ते हसले, मान हलवली आणि ओळंबा लावला.

आणि आम्ही तसंच केलं. धान्याची पत्र्याची कोठी जोत्यावरच ठेवून तिच्याभोवती भिंत उठवली. आतल्या खोलीतली बाज तर बाहेरून आलीच नाही. सुतारानं चार पाय आणि चार दांड्या सुट्या आणल्या, आत बसून ठोकून जोडल्या, आणि मायनं तीन दिवस बसून ती सुतळीनं विणली. गावात बाजा अशाच होतात, त्यात कुणाला काही खटकलं नाही. बाजारातून तयार बाज आणली असती तर ती पहिल्याच दिवशी बोळात अडकली असती, आम्ही हसलो असतो, जब्बारभाईंनी दोन तासांत भिंत सरकवून दिली असती. हे मी किती वेळा मनात घोळवलं असेल त्याला गणती नाही.

त्या घरात माय दीड वर्ष राहिली. बोळाच्या वळणावर भिंतीला टेकून बसायची तिची जागा ठरून गेली. तिथं बसून सूत काढायची, तिथंच केस सोडून निवांत विंचरायची. दारात कुणी आलं की तिथूनच "कोन हाय?" विचारायची, आणि येणाऱ्याला आवाज नेमका कुठून येतो ते कळायचं नाही. तिला त्याची लहान मुलीसारखी मजा वाटायची. पण दम वाढत चालला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं, मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. बा परतला की जाऊ, असं मायनंच ठरवलं. आडवं झालं की तिला गुदमरायचं, म्हणून बाजेवर गोधड्यांचा उंचवटा करून ती बसल्या बसल्या झोपायची.

ती दुपार उन्हाळ्याच्या सुरुवातीची होती. बा कळप घेऊन हट्टा गावाच्या बाजूला होता. मी कोकरांना पाला टाकून आत आले तर मायचे ओठ काळेनिळे पडले होते आणि एक एक श्वास ती ओढून आणत होती. मी मोठ्या बाबांकडं पळाले. त्यांनी बाला फोन लावला, जीप थेट वाडग्यापर्यंत आणली, भावकीतले तिघं सोबत घेतले. आमच्याकडं आजारी माणसाला बाजेवरूनच जीपपर्यंत नेतात. चौघं आत आले तसा मायनं त्या अवस्थेतही चेहऱ्यावर पदर ओढला. मोठे बाबा तिचे जेठ. लग्न झाल्यापासून तिनं त्यांच्यासमोर तोंड उघडं टाकलं नव्हतं.

चौघांनी बाज उचलली आणि बोळात घेतली. वळणावर पुढचा पाय भिंतीला लागला. मागं घेतली, तिरकी केली, माय घसरायला लागली, परत सरळ केली. उलटी फिरवून पायाकडून काढून बघितली. गिलाव्याचा पोपडा उडाला, बाज तसूभर सरकेना. मी मागं उभी होते आणि मला त्या क्षणी खेळातला पलंग दिसत होता, भिंतीवरून तरंगत जाणारा, बटण दाबलं की फिरणारा. आमच्या कागदावरच्या घरातून कधी कुणी आजारी माणूस बाहेर काढलं नव्हतं. कुणीतरी घोंगडीची झोळी करा म्हणालं. झोळीत ती वाकली तसा तिचा श्वासच थांबायला लागला, तिला परत बाजेवर बसवलं. मग उरला एकच मार्ग, कुणीतरी तिला हातांवर उचलून नेण्याचा. मोठे बाबा पुढं झाले आणि थांबले. धाकट्या भावाच्या बायकोला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मायनं पदराआडून मान हलवली, नाही म्हणून. बाकीचे तिघंही जेठच लागायचे. मी उचलायचा प्रयत्न केला, मला ती पेलली नाही. यात किती वेळ गेला मला माहीत नाही.

तेव्हा माय म्हणाली, "समदे भाईर जा. मी चालते."

त्यांनी बाज मागं ओढून खोलीत ठेवली आणि ते बाहेर गेले. मी तिला उठवलं, तिचा एक हात माझ्या खांद्यावर घेतला, दुसरा भिंतीवर. वळणापर्यंत सहा पावलं होती. प्रत्येक पावलाला ती थांबत होती. वळणावर पोचलो तशी ती नेहमीच्या जागी पाठ टेकून उभी राहिली. पुढं बाहेरच्या खोलीतून माणसांचे आवाज येत होते. मागं आतली खोली रिकामी होती. तिनं पदर बाजूला केला.

"इथून कुनाला दिसत न्हाई ना?"

"न्हाई, माय."

आणि माय रडली. तिला मी त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज काढायला श्वास नव्हता, म्हणून ती नुसती तोंड उघडून रडत होती आणि माझी मनगटं घट्ट धरून होती. "संगे," ती म्हणाली, "मला न्हाई जायचं गं. आत्ताच तर घर झालं." बरी होऊन येशील, एवढं तरी म्हणायचं होतं, ते म्हटलं नाही. आम्ही दोघी त्या तीन फुटांत उभ्या होतो. मग तिनं पदरानं डोळे, नाक, तोंड सगळं नीट पुसलं, पदर कपाळावरून खाली घेतला आणि माझा खांदा धरून वळणाबाहेर पडली. बाहेरच्या लोकांना दिसली ती पदर घेतलेली, स्वतःच्या पायांनी चालत जीपमध्ये बसणारी बाई.

हिंगोली यायच्या आत ती गेली. माझ्या खांद्यावर तिचं डोकं होतं. बा संध्याकाळी पोचला. त्याच्या धोतराला कुसळं लागलेली होती आणि तो प्रत्येकाला एकच विचारत होता की ती काही बोलली का. मी नाही म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. ती जे बोलली ते चार भिंती बघून बोलली होती, ते चारचौघांत उघडं करायला माझी जीभ वळेना.

बाज अडकल्याची गोष्ट मात्र गावभर झाली. दहाव्याला एक लांबची चुलती सगळ्यांसमोर म्हणाली, पोरीनं खेळातलं घर बांधलं, मानूस भाईर निघंना त्यातून. तिला गप्प केलं गेलं, पण ती खोटं बोलली नव्हती. लवकर पोचलो असतो तर ती वाचली असती का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. डॉक्टर चांगले होते. मला वाटतं, त्यांना सांगता येत होतं.

आता मी हिंगोलीत एका इंजिनिअरच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढते. सही त्यांची असते, रेघा माझ्या. नकाशा पुरा झाला की मी पुठ्ठ्याचा एक छोटा तुकडा घेते, बाजेच्या मापाचा, आणि तो आतल्या खोलीतून पुढच्या दारापर्यंत कागदावरून सरकवत नेते. कुठं अडला तर भिंत खोडते. माणसं समोर बसून बघतात, कुणी विचारतं, ताई हे काय. सवय आहे, म्हणते. नवं घर बांधायला निघालेल्या माणसाला याहून जास्त कोण सांगणार. खेळ मी त्यानंतर एकदाच उघडला. घर होतं तसंच होतं, पुढं रिकामं वाडगं, भिंती उभ्या. भिंती खाली करायचं बटण मी दाबलं नाही. मशीन बंद केली आणि वरती कापड टाकलं.

तेराव्याचं आवरलं, पाहुणे गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. सकाळी बानं कोकरं सोडली, वाडग्यातली पहार उचलली आणि घरात आला. मी भांडी घासत होते. तो माझ्याशी रागानं बोलला नव्हता, खरं तर बोललाच नव्हता. तो बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. गिलावा उडालेल्या जागेवर त्यानं तळवा ठेवला, मग पाय रोवून पहार उचलली.

"बा, नको," मी म्हणाले.

"पाडू दे संगे. ह्या भित्तीनं अडवलं तिला."

मग मी सांगितलं. हात राखेनं भरलेले होते, तशीच उभी राहून सांगितलं, की ती वळणावर थांबली होती. कुणाला दिसत नाही ना, असं विचारून रडली होती. मला न्हाई जायचं म्हणाली, आत्ताच तर घर झालं म्हणाली. मग तोंड पुसून बाहेर आली. बा माझ्याकडं न बघता ऐकत होता. झालं तेव्हा त्यानं विचारलं, "कुठं उभी व्हती?"

मी सांगितलं, वळणावर, डाव्या हाताला, भिंतीला टेकून.

त्यानं पहार आवाज न करता जमिनीवर ठेवली. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं आणि बोळात शिरला. त्याच्या पावलांचा आवाज वळणापर्यंत गेला आणि थांबला. मी बाहेरच्या खोलीत उभी होते. बराच वेळ झाला. तो तिथंच होता, आणि मला दिसत नव्हता.